भाषांतराचा न्याय

पुण्यांतील नारायण पेठेंत गायकवाड वाडा म्हणून एक जुनी वास्तु आहे. हल्लीं तिला सारे केसरीवाडा म्हणतात. भाद्रपदांत मानाच्या पांचव्या गणपतीच्या दर्शनाला निघालेला पुणेकर या वाड्याच्या दरवाजांतून एकदां तरी आंत गेलेला असतोच. १९०५ सालीं लोकमान्य टिळकांनीं हा वाडा बडोद्याच्या गायकवाडांकडून विकत घेतला, आणि 'केसरी' व 'मराठा' या दोन पत्रांचें बिऱ्हाड येथें कायमचें आलें. दोन्ही पत्रें १८८१ च्या जानेवारींत निघालेलीं. एक मराठी, दुसरें इंग्रजी. घरांतल्या माणसांशीं जें बोलावयाचें तें 'केसरी'ंत, आणि सरकारशीं व परप्रांतीयांशीं जें बोलावयाचें तें 'मराठा'ंत, असा हा दुहेरी संसार होता.

परंतु आज मला ज्या गृहस्थाविषयीं बोलावयाचें आहे, तो या वाड्यांत कधीं राहिला नाहीं. त्याची तसबीर येथें कोठें टांगलेली नाहीं, आणि त्याच्या नांवाचा उत्सवही होत नाहीं. तो मुंबई सरकारच्या नोकरींत होता. मंगळवारीं निघालेला 'केसरी' त्याच्या मेजावर जाई. तो लेख न् लेख वाची, खुणा करी, आणि त्याचा गोषवारा इंग्रजींत लिहून साहेबाकडे धाडी. देशी पत्रांचे असे साप्ताहिक गोषवारे १८६८ च्या सुमारापासून मुंबई सरकार गुप्तपणें छापून घेत असे. हा गृहस्थ म्हणजे सरकारचा भाषांतरकार. त्याच्याइतका लक्षपूर्वक 'केसरी' वाचणारा वाचक साऱ्या महाराष्ट्रांत क्वचितच असेल. फरक एवढाच कीं, इतर वाचक वाचून विचार करीत, आणि याच्या वाचनाचें रूपांतर कधींकधीं शिक्षेंत होत असे.

भाषांतर म्हणजे एका भांड्यांतलें पाणी दुसऱ्या भांड्यांत ओतणें, अशी आपली साधी समजूत असते. तेजस्विनी निरंजना यांनीं १९९२ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत या समजुतीला जोराचा धक्का दिला. वसाहतीच्या राज्यांत भाषांतर हें दोन समान भाषांमधलें देणेंघेणें नसतें. राज्यकर्ता भाषांतराच्या द्वारें जित लोकांचें एक चित्र काढतो आणि मग त्याच चित्रावरून त्यांच्यावर राज्य करतो, असें त्यांचें प्रतिपादन आहे. पश्चिम भारतापुरतें पाहावयाचें तर वीणा नरेगल यांनीं २००१ सालच्या ग्रंथांत इंग्रजी वरची आणि मराठी खालची ही उतरंड कशी रचली गेली, आणि दोन्ही भाषा जाणणाऱ्या मूठभर सुशिक्षितांच्या हातीं कोणती सत्ता आली, हें दाखविलें आहे. हे विचार ग्रंथांत वाचले म्हणजे थोडे दूरचे वाटतात. परंतु नारायण पेठेच्या इतिहासांत ते रक्तामांसाचे होऊन उभे राहतात. त्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

इंग्रजी राज्याला आरंभापासून भाषांतराची गरज होती. वॉरन हेस्टिंग्जनें १७७२ सालीं असें ठरविलें कीं, वारसा, विवाह इत्यादि बाबतींत हिंदूंना त्यांच्या शास्त्राप्रमाणें आणि मुसलमानांना कुराणाप्रमाणें न्याय द्यावा. ठरविणें सोपें होतें. न्याय देणाऱ्या साहेबाला मात्र ना संस्कृत येई, ना अरबी. मग पंडितांनीं शास्त्रार्थ सांगावा, त्याचें फारशी व्हावें, फारशीचें इंग्रजी व्हावें, असा प्रकार घडला. हॅल्हेडचा १७७६ सालचा ग्रंथ याच मार्गानें सिद्ध झाला. सर विल्यम जोन्सचें मनुस्मृतीचें भाषांतर १७९४ चें. आपल्या दक्षिणेंतल्या जातींचे कायदे व चालीरीती गोळा करून आर्थर स्टील यानें १८२७ सालीं ग्रंथ छापला.

या उद्योगाचा एक परिणाम फार खोल झाला. 'धर्म' हा शब्द घ्या. आपण राजधर्म म्हणतों, पुत्रधर्म म्हणतों, शेजारधर्म म्हणतों. पाण्याचा धर्म वाहणें हा असेंही म्हणतों. कर्तव्य, स्वभाव, रीत, न्याय, पुण्य हे सारे अर्थ त्या एका शब्दांत एकत्र राहत होते. इंग्रजींत त्याचे दोन तुकडे झाले. एक गेला 'लॉ'कडे, दुसरा गेला 'रिलिजन'कडे. आणि नवल असें कीं, कांहीं दशकांनीं आपणही 'धर्म' हा शब्द उच्चारतांना मनांत 'रिलिजन' म्हणूं लागलों. शब्द आपला राहिला, अर्थ मात्र विलायतेहून परत आला. गांवांतला माणूस पूर्वीं स्वतःला अमक्या गांवचा, अमक्या जातीचा, अमक्या पंथाचा म्हणवीत असे. कोर्टाच्या वहींत तो प्रथम 'हिंदु' किंवा 'मुसलमान' झाला. पुढें राष्ट्राचा विचार सुरू झाला तेव्हां ही कोर्टाची वही आयतीच हाताशीं होती.

खुद्द पुण्यांत भाषांतराचें काम मोठ्या थाटानें चाललें होतें. विल्यम केरीचें मराठी व्याकरण १८०५ सालीं निघालें होतें. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, आणि कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. या कोशांच्या मागें आपल्याच शास्त्रीमंडळींचे कष्ट आहेत. पेशवाईंत विद्वान ब्राह्मणांना श्रावणांत दक्षिणा वांटली जात असे. इंग्रजांनीं त्या द्रव्याचा कांहीं भाग पाठशाळेकडे वळविला, आणि १८५१ सालीं दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन होऊन त्यांतूनच मराठी ग्रंथांना व भाषांतरांना बक्षिसें मिळूं लागलीं. धर्मकृत्याचा पैसा असा भाषांतराच्या कामीं आला. नव्या पिढीच्या लोकांनीं त्याची मागणीच केली होती, आणि ती योग्यही होती. नाहीं तर विज्ञान, इतिहास, अर्थशास्त्र मराठींत येतें कसें?

या काळाचें खरें चित्र एका बापलेकांत दिसतें. कृष्णशास्त्री चिपळूणकर संस्कृतांत निष्णात, इंग्रजींत प्रवीण, आणि सरकारी शिक्षणखात्यांत मान्यता पावलेले. अरबी भाषेंतील सुरस गोष्टी त्यांनीं मराठींत आणल्या. जॉन्सनच्या 'रासेलस'चें भाषांतर त्यांनीं आरंभिलें, आणि तें पुरें केलें त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनीं. याच विष्णुशास्त्र्यांनीं १८७४ सालीं 'निबंधमाला' काढून भाषांतरी बुद्धीवर आसूड ओढला, आणि स्वतःला मराठी भाषेचे शिवाजी म्हणविलें. बाप भाषांतर करतो, मुलगा तें पुरें करतो, आणि मग त्याच हातानें भाषांतराविरुद्ध बंड उभारतो! इंग्रजी विद्येनें दिलेल्या शस्त्रांनींच हें बंड लढलें गेलें. मालाकारांचा आवेश आपणांस प्रिय आहे. पण एवढें ध्यानांत ठेवलें पाहिजे कीं, स्वभाषेचा अभिमान सांगतांना त्यांना आठवला तो राजा होता, शत्रूवर चालून जाणारा होता. भाषेची गोष्ट तेव्हांच राष्ट्राची गोष्ट झाली होती.

आतां कायद्याकडे वळूं. १८७८ सालीं लॉर्ड लिटननें देशी भाषांतील पत्रांपुरताच एक मुस्कटदाबीचा कायदा केला. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. तेव्हां कलकत्त्याच्या 'अमृतबझार पत्रिके'नें एका रात्रींत बंगाली वेष टाकून इंग्रजी वेष घेतला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. इंग्रजींत तेंच बोललें तर चालतें, आणि आपल्या भाषेंत बोललें तर गुन्हा होतो, याचा अर्थ काय? याचा अर्थ असा कीं, सरकारला भय विचाराचें नव्हतें. तो विचार किती लोकांना कळेल याचें होतें. १८८२ सालीं हा कायदा रद्द झाला. पण पिनल कोडांत १८७० सालीं घातलेलें १२४-अ हें कलम तसेंच राहिलें. त्या कलमांतला मुख्य शब्द होता 'डिसअफेक्शन'. त्याला मराठींत एक शब्द नव्हता. म्हणून 'अप्रीति' हा शब्द योजिला गेला. आणि गुन्ह्याचें नांव पडलें 'राजद्रोह'. मित्रद्रोह, गुरुद्रोह, स्वामिद्रोह या पातकांच्या मालिकेंत तो शब्द जाऊन बसला. मूळ इंग्रजी कलम केवळ अपराध सांगत होतें. मराठी शब्दानें त्याचें पाप केलें. शिवाय द्रोह घडावयाचा तर आधीं कोणाचें तरी मीठ खाल्लेलें असावें लागतें. तें नातें भाषांतरानें गृहीतच धरलें.

अशा स्थितींत राजकारण बोलावें कोणत्या भाषेंत? राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यांत धर्माच्या बाबतींत सरकार हात घालणार नाहीं असें अभिवचन होतें. तेवढी एक जागा मोकळी होती. म्हणून राजकारणानें देवाधर्माचा वेष घेतला. १८९३-९४ च्या सुमारास गणेशोत्सव सार्वजनिक झाला. १८९६ सालीं रायगडावर शिवाजी उत्सव झाला. लोक जमले, मेळे निघाले, पोवाडे झाले. सुशिक्षित आणि अशिक्षित यांना जोडणारी भाषा प्रथमच सांपडली. इंग्रजी व्याख्यानाला न येणारा माणूस कीर्तनाला येत होता. हें टिळकांचें मोठें यश आहे आणि तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्याच वर्षांत, १८९३ च्या मुंबईच्या दंग्यानंतर, पुण्याच्या हिंदूंनीं मोहरमच्या ताबुतांतून अंग काढून घेतलें हेंही तितकेंच खरें आहे. तोंपर्यंत ताबुतांपुढें नाचणारांत आणि नवस बोलणारांत हिंदूही पुष्कळ असत. एक दार उघडलें तेव्हां दुसरें लागलें.

१८९७ च्या जूनमध्यें पुण्यांत शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. अफझलखानाच्या वधाची व्याख्यानांत चर्चा झाली, आणि टिळक अध्यक्षस्थानावरून बोलले. १५ जूनच्या 'केसरी'ंत या उत्सवाची हकीकत आली; त्याबरोबर शिवाजीच्या तोंडीं घातलेली एक कविताही आली. एका आठवड्यानें, २२ जूनच्या रात्रीं, प्लेगच्या कामावरील अधिकारी रँड याच्यावर चाफेकरांनीं गोळी झाडली. २७ जुलैला टिळकांना मुंबईंत अटक झाली. आणि श्रोतेहो, फिर्याद कोणाच्या नांवानें गुदरली, तर सरकारचे ओरिएंटल ट्रान्स्लेटर मिर्झा अब्बास अली बेग यांच्या नांवानें! भाषांतरकारच फिर्यादी झाला. माझ्या मतें हा एक योगायोग साऱ्या युगाचें मर्म सांगतो.

आतां भाषांतराची अडचण कशी असते तें आपणच करून पाहूं. आपण अफझलखानाचा 'वध' म्हणतों. कंसवध, रावणवध यांच्या पंक्तींत तो शब्द आहे. ज्याला मारणें योग्य होतें त्याला मारलें, असा निवाडा त्या दोन अक्षरांतच होऊन गेलेला असतो. इंग्रजींत याला काय म्हणाल? 'मर्डर' म्हटलें तर शिवाजी गुन्हेगार ठरतो आणि लेखक खुनाची तरफदारी करणारा ठरतो. साधें 'किलिंग' म्हटलें तर शब्दांतला निवाडा गळून पडतो. कोणताही प्रामाणिक भाषांतरकार येथें अडखळेल. पण कोर्टांत अडखळण्याला जागा नसते. तेथें एक शब्द लिहावाच लागतो, आणि तो लिहिला कीं शंका संपते आणि पुरावा सुरू होतो.

दुसरा शब्द याहून अवघड. टिळकांच्या त्या भाषणाच्या वृत्तांतांत 'म्लेंच्छ' हा शब्द आहे. हा म्लेंच्छ कोण? शिवकालाविषयीं बोलणें असेल तर मुसलमान सुलतान. १८९७ सालीं बोलणें असेल तर इंग्रज. शास्त्राप्रमाणें पाहिलें तर कोणीही परकी. ऐकणाराला तिन्ही अर्थ एकदम ऐकूं येत होते, आणि त्यांतच त्या शब्दाचें बळ होतें. इंग्रजींत मात्र त्यांतला एकच निवडावा लागतो. भाषांतरकारानें अर्थ बिघडविला असें आपण पुष्कळदां म्हणतों. येथें त्याचा अपराध असला तर तो वेगळा आहे: शब्द जें झांकून बोलत होता, तें त्यानें उघडें केलें.

आणि येथें आपण आपल्या बाजूचाही हिशेब तपासला पाहिजे. द्व्यर्थी शब्द ही दुबळ्याची ढाल असते. सरकारच्या दडपशाहीपुढें ती हातांत घेणें समजण्यासारखें आहे. परंतु त्या ढालीची किंमत कोण देतो? इंग्रजाला जो शब्द आडून लागावयाचा, तो शेजारच्या मोमिनपुऱ्यांतल्या माणसाला सरळ लागत होता. वक्त्याचें लक्ष्य साहेब असेल. ऐकणाराला मात्र वाटे कीं, या राष्ट्राच्या चित्रांत आपणांस जागा शत्रूची आहे. सांकेतिक भाषा फार दिवस बोलली कीं संकेत विसरला जातो आणि भाषा तेवढी उरते. पुढच्या पिढ्यांनीं तीच भाषा संकेत न समजतां, अक्षरशः बोलावयास सुरुवात केली. याचा विचार त्या वेळीं फार थोड्यांनीं केला.

मुंबईच्या हायकोर्टांत न्यायमूर्ति स्ट्रॅची यांच्यापुढें खटला चालला. अप्रीति म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ त्यांनीं पंचांना समजावून सांगितला. सासरच्या मंडळींविषयीं प्रीति नसणें हा गुन्हा ठरला असता, तर पुण्यांतलीं किती घरें येरवड्यास गेलीं असतीं याची कल्पनाच करावी! परंतु कायद्यापुढें विनोद चालत नाहीं. पंच नऊ होते. सहा युरोपियन, तीन हिंदी. सहा विरुद्ध तीन मतांनीं टिळक दोषी ठरले, आणि १४ सप्टेंबर १८९७ रोजीं त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. त्यांची लवकर सुटका व्हावी म्हणून विलायतेंत जो अर्ज झाला त्यावर मॅक्समुल्लर यांची सही होती. ऋग्वेदाचा हा पंडित स्वतः जन्मभर भाषांतरकार. भाषांतराच्या आधारें तुरुंगांत गेलेल्या विद्वानासाठीं त्यानें रदबदली करावी, यांतही एक न्याय आहे. १८९८ च्या सप्टेंबरांत टिळक सुटले. त्याच वर्षीं कायदा सुधारून द्वेष व तुच्छता हे शब्द १२४-अ मध्यें घातले गेले, आणि वर्गावर्गांत वैर माजविण्याबद्दलचें १५३-अ हें नवें कलम आलें.

दुसरा खटला १९०८ चा. ३० एप्रिलला मुझफ्फरपूर येथें बाँब पडला. 'केसरी'ंत १२ मे रोजीं 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जून रोजीं 'हे उपाय टिकाऊ नाहींत' हे लेख आले. २४ जूनला मुंबईच्या सरदारगृहांत टिळकांना पकडलें. खटला न्यायमूर्ति दावर यांच्यापुढें १३ जुलैला सुरू झाला. गंमत अशी कीं, १८९७ सालीं टिळकांच्या जामिनासाठीं हेच दावर बॅरिस्टर म्हणून उभे राहिले होते. या खेपेस टिळकांनीं आपली बाजू स्वतःच मांडली. त्यांचें भाषण २१ तास १० मिनिटें चाललें, आणि त्याचा मोठा भाग भाषेविषयीं होता.

पंचांत सात युरोपियन आणि दोन पारशी गृहस्थ होते. ज्यांनीं निकाल द्यावयाचा त्यांना मूळ लेख वाचतां येत नाहींत, त्यांच्यापुढें आहे तें केवळ भाषांतर, ही टिळकांची पहिली तक्रार. सरकारच्या भाषांतर कचेरींतील भास्कर विष्णु जोशी यांची त्यांनीं शब्दाशब्दावर उलटतपासणी केली. दुसरी तक्रार याहून मार्मिक होती. मराठी भाषा सध्यां घडत आहे, असें त्यांचें म्हणणें. राज्यशास्त्रांतल्या नव्या इंग्रजी कल्पनांना आम्ही मराठी शब्द बनवीत आहों, आणि त्या शब्दांचे अर्थ अजून पक्के झालेले नाहींत. म्हणजे पहा : इंग्रजी पुस्तकांत वाचलेली निरुपद्रवी कल्पना मराठी संपादक आपल्या भाषेंत आणतो, सरकारचा भाषांतरकार तोच शब्द कोशांत पाहून पुन्हां इंग्रजींत नेतो, आणि जातांना 'अनियंत्रित सत्ता' असलेली ती कल्पना येतांना 'जुलूमशाही' होऊन येते. विलायतेंतल्या पत्रांत जें रोज छापलें जातें, तें पुण्याहून फिरून गेलें कीं राजद्रोह होतें.

हा युक्तिवाद आजही वाचनीय आहे. तो त्या दिवशीं उपयोगीं पडला नाहीं. २२ जुलैच्या रात्रीं सात विरुद्ध दोन मतांनीं टिळक दोषी ठरले. सहा वर्षें काळें पाणी आणि एक हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरणीकामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेवलें. कोंकणांतून आणि घाटावरून आलेल्या त्या माणसांना खटल्याचा अर्थ कळण्यासाठीं भाषांतरकाराची गरज पडली नाहीं. निकालानंतर टिळकांनीं जे थोडे शब्द उच्चारले, ते १९५६ सालीं त्याच हायकोर्टांत संगमरवरावर कोरून लावले गेले. ते शब्द त्यांनीं इंग्रजींत उच्चारले होते. या वेळीं मध्यें कोणी भाषांतरकार नव्हता.

मंडालेच्या तुरुंगांत हा भाषांतरानें बांधलेला कैदी स्वतःच भाष्यकार झाला. १९१०-११ च्या हिंवाळ्यांत त्यांनीं 'गीतारहस्य' लिहून काढलें. तें १९१५ सालीं प्रसिद्ध झालें. जर्मन, फ्रेंच, पाली या भाषांचाही त्यांनीं तेथें अभ्यास केला. एका बाजूला गीता आणि दुसऱ्या बाजूला कांट, मिल्ल, स्पेन्सर, ग्रीन असा तो ग्रंथ चालतो. 'धर्म' या शब्दाला चिकटलेला 'रिलिजन' सोडवून त्याचा कर्तव्य, नीति, समाजधारणा हा व्यापक अर्थ पुन्हां उभा करण्याचा खटाटोप त्यांत आहे. विलायतेहून फिरून आलेला शब्द पुन्हां घरचा करण्याचा हा प्रयत्न होता.

आतां तिसरा खटला. त्याची आठवण आपण फारशी काढीत नाहीं. १९१६ च्या मे-जूनमध्यें टिळकांनीं बेळगांव व अहमदनगर येथें स्वराज्यावर मराठींत भाषणें केलीं. त्यांचीं टिपणें घेतलीं गेलीं, भाषांतरें झालीं, आणि २३ जुलैला, साठाव्या वाढदिवशींच, चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागणारी नोटीस त्यांच्या हातीं पडली. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटनें वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा दहा हजारांचे दोन जामीन मागितले. प्रकरण हायकोर्टांत गेलें. टिळकांच्या वतीनें बॅरिस्टर महमदअल्ली जीना उभे राहिले. ९ नोव्हेंबर १९१६ रोजीं न्यायमूर्ति बॅचलर व शहा यांनीं मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. भाषण समग्र वाचलें पाहिजे, त्यांतलीं सुटीं वाक्यें ओढून ताणून कोणाच्याही बाजूनें अर्थ लावूं नये, असें त्या निकालाचें सूत्र होतें. एकोणीस वर्षांपूर्वीं हाच न्याय कोणी लावला असता तर!

परंतु निकालापेक्षां त्या भाषणांतला एक विचार मला मोठा वाटतो. अहमदनगरला टिळकांनीं 'परका' या शब्दाची व्याख्या केली. परकेपणा धर्मावर नाहीं, कातडीच्या रंगावर नाहीं. तो हितसंबंधावर आहे. जो या देशांतल्या लोकांचें हित करतो तो मुसलमान असो वा इंग्रज असो, तो परका नव्हे, असा त्याचा सारांश. १८९७ चा 'म्लेंच्छ' आणि १९१६ चा 'परका' हे दोन शब्द शेजारीं ठेवून पहा. पहिला शब्द जुना, पवित्र, धारदार आणि संदिग्ध. दुसरा साधा, बाजारांतला, पण स्वच्छ. पहिल्याचें भाषांतर करतांना कोणता तरी शेजारी दुखावला जातो. दुसऱ्याचें भाषांतर कोणत्याही भाषेंत करा, अर्थ ढळत नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस लखनौचा करार झाला आणि जीना व टिळक एका व्यासपीठावर दिसले, याचें मला आश्चर्य वाटत नाहीं. करार कागदावर येण्यापूर्वीं तो शब्दांत झालेला होता. दुर्दैव इतकेंच कीं, पुढच्या काळांत उत्सवांना पहिला शब्द आठवला आणि दुसरा विस्मरणांत गेला.

'धर्म' हा शब्द सोडविण्याचा प्रयत्न केवळ नारायण पेठेनेंच केला असें मात्र समजूं नये. जोतीराव फुल्यांचा 'सार्वजनिक सत्यधर्म' हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ सालीं प्रसिद्ध झाला. धर्म शब्द त्यांनीं टाकला नाहीं. त्याला सर्वांचा केला, आणि ईश्वराला 'निर्मीक' असें नवें नांव दिलें, कारण जुन्या नांवांबरोबर जुनी उतरंड येते हें त्यांनीं ओळखलें होतें. पंडिता रमाबाईंनीं केडगांवला हिब्रू व ग्रीक शिकून साऱ्या बायबलाचें मराठी भाषांतर केलें, आणि तेथल्या स्त्रियांनींच तें छापलें. पंडिती शब्दांचा मोह टाळून घरांतल्या बाईला समजेल अशी मराठी लिहावयाची, हा त्यांचा कटाक्ष. हीं दोन्ही माणसें पुण्याशीं निगडित, आणि पुण्याच्या पेठांनीं दोघांनाही छळलेलें. राष्ट्राची भाषा कोणती, हा प्रश्न विचारतांना या दोघांचें उत्तर वगळलें तर हिशेब अपुरा राहतो.

श्रोतेहो, १ जुलै २०२४ पासून जुनें पिनल कोड गेलें, आणि नव्या संहितेंतून 'राजद्रोह' हें गुन्ह्याचें नांवही गेलें. राजाच नाहीं तर त्याचा द्रोह कसला? परंतु बोलण्यांत 'देशद्रोह' हा शब्द त्याच्या जागीं केव्हांच येऊन बसला आहे. स्वामिद्रोहाच्या मालिकेंतला तो जुना 'द्रोह', ती जुनी पापाची छाया, सारें तसेंच आहे. फक्त स्वामी बदलला. आणि आज यंत्रें क्षणार्धांत भाषांतर करतात. कोणाच्याही भाषणाचा तुकडा तोडून, दुसऱ्या भाषेंत घालून, लाखों लोकांपुढें ठेवतां येतो. पूर्वीं सरकारी कचेरींत एक भाषांतरकार होता. आतां प्रत्येक घरांत एक आहे, आणि न्याय देणारे पंचही आपणच आहों.

तेव्हां यंदा गणपतीच्या दिवसांत केसरीवाड्यांत जाल तेव्हां त्या अज्ञात वाचकाची एकदां आठवण करा. तो दुष्ट होता असें मला वाटत नाहीं. पोटासाठीं नोकरी करणारा, दोन्ही भाषा जाणणारा, आपल्याचसारखा सुशिक्षित गृहस्थ तो. त्याच्यापुढें एक मराठी शब्द होता, हातांत एक इंग्रजी कोश होता, आणि त्या दोहोंच्या मधल्या जागेंत एका माणसाचें स्वातंत्र्य होतें. त्या जागेंत आज आपण बसलों आहों. दुसऱ्याच्या शब्दाचा अर्थ लावण्यापूर्वीं तो समग्र वाचावा, आणि स्वतः बोलतांना ज्याचें भाषांतर शेजाऱ्यापुढें करावयाला संकोच वाटेल असा शब्द वापरूं नये. तीन खटल्यांच्या कागदपत्रांतून मला तरी एवढाच बोध झाला आहे.